स्टेशन इलेव्हन: दिवे गेल्यानंतरची वीस वर्षं

एमिली सेंट जॉन मँडेल या कॅनडात जन्मलेल्या लेखिकेची ‘स्टेशन इलेव्हन’ ही कादंबरी २०१४ साली आली. मी ती इंग्रजीतच वाचली, पिकाडोरच्या पेपरबॅक आवृत्तीत. हिला विज्ञानकथा म्हणायचं की नाही, यावर इंग्रजी वाचकांत पुष्कळ वाद झाले, आमच्याकडेही झाला. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: म्हणायचं. आणि एकदा म्हटलं, की विज्ञानकथेला जे प्रश्न विचारतात ते हिलाही विचारायचे. तिथं सवलत नाही.

मी कोण विचारणारा? वीज पारेषणात नोकरी केली, बरीचशी कराडच्या आसपासच्या उपकेंद्रांत, शेवटी २२० केव्हीच्या (दोन लाख वीस हजार व्होल्टच्या) यार्डात, म्हणजे उपकेंद्राच्या उघड्या आवारात. ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, रिले, बॅटरी रूम, लॉगशीट हे माझं जग. साहित्याचं शिक्षण नाही, वाचायचा नाद मात्र जुना. ही कादंबरी वीज गेल्यानंतरच्या जगाची आहे, तेव्हा थोडा हक्क माझाही पोचतो. पुढं शेवट उघड केलाय. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी इथंच थांबावं.

गोष्ट थोडक्यात. टोरंटोच्या एल्गिन थिएटरात ‘किंग लिअर’चा प्रयोग चालू असताना आर्थर लिअँडर हा प्रसिद्ध नट रंगमंचावरच हृदयविकारानं कोसळतो. प्रेक्षकांतला जीवन चौधरी नावाचा माणूस (आधी नटनट्यांच्या मागं कॅमेरा घेऊन धावणारा, आता रुग्णसेवेचं प्रशिक्षण घेणारा) धावत जाऊन त्याची छाती दाबतो, पण उपयोग होत नाही. त्याच रात्री शहरात ‘जॉर्जिया फ्लू’ पोचलेला असतो. लागण झालेली माणसं दोनेक दिवसांत संपतात, आणि बघता बघता शंभरातले नव्व्याण्णवाहून जास्त लोक जातात. मग कादंबरी वीस वर्षं पुढं उडी मारते. मिशिगन आणि ह्यूरॉन या सरोवरांच्या काठाकाठानं एक फिरती मंडळी गावोगाव शेक्सपिअरची नाटकं आणि वाद्यवृंदाचं संगीत करत हिंडते. त्या रात्री रंगमंचावर असलेली आठ वर्षांची कर्स्टन आता त्या मंडळीतली नटी आहे. कथा पुढंमागं झुलत राहते: आर्थरच्या बायका, त्याचा जुना मित्र क्लार्क, पहिली बायको मिरांडा आणि तिनं काढलेलं ‘डॉक्टर इलेव्हन’ हे चित्रकथेचं पुस्तक, ज्यातल्या अंतराळस्थानकाचं नाव कादंबरीला मिळालंय.

सहावं प्रकरण जेमतेम दोन-तीन पानांचं आहे. माझ्या मते सगळं पुस्तक त्यात आहे. तिथं कोणी पात्र नाही, प्रसंग नाही, फक्त आता काय काय उरलं नाही याची यादी आहे, आणि ती अपुरी असल्याचं लेखिकाच आधी सांगते. खालून हिरव्या उजेडात उजळलेल्या तलावात सूर मारणं नाही. प्रकाशझोतातले सामने नाहीत. उन्हाळ्याच्या रात्री पडवीतल्या दिव्याभोवती फिरणारे पतंग नाहीत. शहराखालून धावणाऱ्या विजेच्या गाड्या नाहीत, आणि मग शहरंच नाहीत. औषधं नाहीत, म्हणजे हाताला खरचटलं किंवा कुत्रं चावलं तर माणूस जगेलच याची खात्री नाही. विमानं नाहीत, सरहद्दींवर पहारे नाहीत, आग विझवायला येणारं कोणी नाही.

ही यादी वाचताना माझ्यासारख्याला पहिल्यांदा काय दिसतं, तर ती विजेपासून सुरू होते. तलाव, मैदान, पडवी, भुयारी रेल्वे. सगळे दिवे आणि सगळा विद्युतप्रवाह. उपकेंद्रात काम केलेल्यांना ठाऊक असतं की ट्रान्सफॉर्मर सतत गुणगुणत असतो. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो आवाज १०० हर्ट्झचा येतो. सहा महिने तिथं नोकरी केली की तो ऐकू येईनासा होतो. मग एखाद्या रात्री लाइन ट्रिप होते, म्हणजे बिघाडामुळं आपोआप बंद पडते, यार्ड मुकं होतं आणि झोपलेला माणूस त्या शांततेनं दचकून उठतो. मँडेलबाईंनी ती शांतता पकडली आहे. यंत्रांवर स्तुतिपर लिहिलेलं मी पुष्कळ वाचलंय, यंत्रांना शिव्या घालणारं त्याहून जास्त. पण यंत्रं नाहीत म्हणजे नक्की काय नाही, याची अशी हिशोबी आणि तरी गळा दाटून आणणारी नोंद दुसरीकडं वाचल्याचं आठवत नाही. ज्या कादंबरीचा गाभा हा आहे तिला विज्ञानकथा म्हणायचं नाही, तर मग कुणाला?

आमच्या वाचनकट्ट्यावरच्या एक निवृत्त प्राध्यापिका मात्र अडून बसल्या. मी त्यांना बाई म्हणतो, त्या मला साहेब. “साहेब, यात यान नाही, यंत्रमानव नाही, प्रयोगशाळा नाही. फ्लूसुद्धा कुठून आला, कसा बदलला, काही सांगितलेलं नाही. ही आठवणींची कादंबरी आहे. हिला तुम्ही त्या फडताळात कशाला कोंबता?” बाईंना पुस्तक मनापासून आवडलं होतं. म्हणूनच त्यांना ते विज्ञानकथेपासून वाचवायचं होतं.

त्या एकट्या नाहीत. लेखिकेनंही मुलाखतींमधून सांगितलंय की आपण ही विज्ञानकथा म्हणून लिहिली नाही. अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत ही कादंबरी २०१४ साली होती, आणि २०१५ साली तिला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला, जो वर्षातल्या सर्वोत्तम विज्ञान कादंबरीला ब्रिटनमध्ये दिला जातो. म्हणजे साहित्य आणि विज्ञानकथा, दोन्ही घरचं आमंत्रण. तिकडं हे पूर्वीही घडलंय. क्लार्क पुरस्कार १९८७ साली पहिल्यांदा दिला तो मार्गारेट ॲटवूडच्या ‘द हँडमेड्स टेल’ला, आणि ॲटवूडबाई आपल्या लेखनाला विज्ञानकथा म्हणायला वर्षानुवर्षं तयार नव्हत्या. त्यावरून अर्सुला ले ग्विननं २००९ साली गार्डियनमधल्या परीक्षणात गोड शब्दांत त्यांची कानउघाडणी केली होती. तिकडचा संकोच समजण्यासारखा आहे: स्वस्त मासिकं, भडक मुखपृष्ठं, हिरवे प्राणी. त्या रांगेत आपलं पुस्तक नको.

आपल्याकडचा अडसर वेगळा आहे. मराठीत विज्ञानकथेला कोणी भडक म्हणत नाही, शाळकरी म्हणतात. आपली विज्ञानकथा वाढली ती मराठी विज्ञान परिषदेच्या अंगणात, विज्ञान लोकांपर्यंत नेण्याच्या हेतूनं. जयंत नारळीकरांनी १९७४ साली परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे आपलीच आद्याक्षरं उलटी करून. कारण एवढंच की नाव बघून बक्षीस मिळू नये. बक्षीस मिळालं. पुढं आमची अख्खी पिढी त्यांच्या कथांवर वाढली. ‘हिमप्रलय’मध्ये मुंबईत बर्फ पडतो; तो का पडतो हे शास्त्रज्ञ समजावून सांगतो आणि मग त्यावर उपाय शोधतो. कारण, परिणाम, उपाय. गोष्ट संपते तेव्हा वाचकाला वातावरणाबद्दल चार गोष्टी जास्त कळलेल्या असतात. मला त्यात काहीच गैर वाटत नाही, मी त्या कथांमुळेच अभियांत्रिकीला गेलो. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले गेले. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की फळ्यापाशी उभं राहून कोणी समजावून सांगत नसेल तर ती विज्ञानकथाच नव्हे, असं बाईंसारख्या चोखंदळ वाचकांनाही वाटू लागलं.

माझी कसोटी वेगळी आहे, आणि ती यार्डातून आलेली आहे. कथेतल्या जगाला “हे कसं चालतं?” असं विचारलं, तर ते जग उत्तर देतं का?

या कसोटीवर कॉर्मक मॅकार्थीची ‘द रोड’ मी विज्ञानकथेत धरणार नाही, जरी तिथला विध्वंस कितीतरी मोठा असला तरी. २००७ साली पुलित्झर मिळालेली ही कादंबरी विलक्षण आहे, मी ती एका बैठकीत वाचली आणि नंतर जेवण गेलं नाही. तिथं घड्याळं १ वाजून १७ मिनिटांनी थांबतात, सगळीकडं राख असते, झाडं मेलेली असतात. काय झालं ते कोणी सांगत नाही. विचारलं तरी त्या जगाकडं उत्तर नाही, आणि असावं अशी लेखकाची इच्छाही नाही. बाप आणि मुलगा चालत राहतात. ती मला पुराणातल्या प्रलयाच्या जातीची गोष्ट वाटते.

‘स्टेशन इलेव्हन’चं जग मात्र उत्तरं देतं. फिरत्या मंडळीचे पिकअप ट्रक आहेत, पण इंजिनं काढून टाकलेली आणि पुढं घोडे जुंपलेले. का? तर पेट्रोल दोन-तीन वर्षांत शिळं होतं. बरोबर आहे. साठवलेल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा गाळ होतो, आणि त्यात इथेनॉल मिसळलेलं असेल तर हवेतलं पाणी शोषून ते त्याहून लवकर बिघडतं. शेवटच्या माणसाला हायवेवर हजारो गाड्या मिळतात आणि चालवता एकही येत नाही, हे फार थोड्या लेखकांच्या ध्यानात आलंय. पडद्यावर तर तीस वर्षांनीसुद्धा मोटारी भरधाव पळतात. टोरंटोत जीवन आणि त्याचा चाकाच्या खुर्चीतला भाऊ फ्रँक बाविसाव्या मजल्यावर स्वतःला कोंडून घेतात तेव्हा वाहिन्या एकेक करून बंद पडतात, इंटरनेट जातं, मग दिवे. शिवाय एका गावात मंडळीला एक माणूस भेटतो, ज्यानं जागच्या जागी चालवायच्या सायकलवर वीज तयार करून लॅपटॉप चालू केलाय, आणि त्याला त्यावर इंटरनेट शोधायचंय. हा दोन-चार ओळींचा माणूस मला सगळ्या पुस्तकात सर्वांत जवळचा वाटला. त्याच्यावर कादंबरी लिहायला हवी होती.

तर ही विज्ञानकथा. आता हिशोब.

लेखिका विजेला जरा जास्तच जगवते. एवढी माणसं एवढ्या झपाट्यानं गेली तर मोठी ग्रिड, म्हणजे वीजकेंद्रं आणि गावं जोडणारं तारांचं जाळं, फार काळ उभी राहू शकत नाही. वीज साठवून ठेवलेली नसते. ज्या क्षणी जेवढी लागते तेवढीच तयार व्हावी लागते, आणि तो तोल कोणीतरी अहोरात्र सांभाळत असतं. ५ एप्रिल २०२० च्या रात्री ९ वाजता देशभर ९ मिनिटं दिवे बंद करायचे ठरलं, तेव्हा मी नोकरीत होतो. मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटनी उतरली आणि तशीच परत चढली. आदल्या दोन दिवसांत तयारी झालेली, लोड डिस्पॅचची (मागणी आणि निर्मितीचा तोल सांभाळणाऱ्या कक्षाची) माणसं खुर्चीला खिळलेली, जलविद्युत केंद्रांना पाणी वरखाली करायचा मिनिटामिनिटाचा बेत दिलेला. आमच्या शेजारची कोयना याच कामासाठी सोन्यासारखी. एवढं केलं तेव्हा विजेची वारंवारता ५० च्या आसपास, ४९.७ ते ५०.२६ हर्ट्झच्या आत राहिली. तीच माणसं जागेवर नसती तर? याच टोरंटोत १४ ऑगस्ट २००३ ला अंधार झाला होता. सुरुवात कुठं, तर ओहायोत: भारानं तापून झोळ आलेल्या तारा वाढलेल्या झाडांना टेकल्या, नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी प्रणाली बंद पडलेली, आणि बघता बघता अमेरिका-कॅनडातले सुमारे ५ कोटी लोक अंधारात. झाडं तोडायला एक टोळी वेळेवर गेली नाही म्हणून! मँडेलबाईंच्या जगात तर टोळीच उरलेली नाही.

हा आक्षेप किरकोळ आहे, दिवे दोन दिवस आधी गेले काय आणि नंतर गेले काय. दुसरा मोठा आहे. मंडळी वीस वर्षं सरोवरांच्या काठानं फिरते, आणि त्या काठांवर अणुवीज केंद्रं आहेत. ह्यूरॉन सरोवराच्या कॅनडाकडच्या काठावर ब्रूस, मिशिगन सरोवराच्या काठावर कुक, आणि कादंबरी लिहिली तेव्हा पॅलिसेड्सही चालू होतं. अणुभट्टी बंद केली तरी वापरलेलं इंधन पाण्याच्या टाकीत गार ठेवावं लागतं, त्या पाण्याला पंप लागतो, पंपाला वीज. मार्च २०११ मध्ये फुकुशिमात वीज गेल्यावर काय झालं ते साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. ही कादंबरी त्यानंतर तीन वर्षांनी आली. यावर निदान एक अफवा, एखादी टाळलेली वाट, “त्या बाजूला कोणी जात नाही” एवढं एखाद्या म्हातारीच्या तोंडी घातलं असतं तरी माझं समाधान झालं असतं. मला सापडलं नाही. “साहित्यिक कादंबरी आहे हो, असं काय विचारता,” हे बाईंचं उत्तर. इथंच मला त्यांचं म्हणणं पटत नाही. मग तो पेट्रोलचा तपशील तरी कशाला कौतुकानं वाचायचा?

तिसरा आक्षेप माझ्या जिव्हाळ्याचा. शेवटची पानं सोडली तर वीस वर्षांत कोणीच वीज परत आणू नये? सुपीरिअर आणि ह्यूरॉन सरोवरांच्या मधल्या सू सेंट मारी गावात १९०२ सालचं जलविद्युत केंद्र आहे. पाव मैल लांबीची दगडी इमारत, आत सत्तरहून अधिक छोटी जनित्रं ओळीनं मांडलेली. पाणी बारा महिने वाहतं, उंची फार नाही, यंत्रं जुन्या पद्धतीची. चार शहाणे फिटर, एखादा वायरमन, ग्रीस, आणि बाकीची जनित्रं सुट्या भागांसाठी. एवढ्यावर त्यातलं एक तरी जनित्र फिरवता येईल अशी माझी पैज आहे. सोपं नाही, मान्य. सुरुवातीला जनित्राला उत्तेजित करायला, म्हणजे त्यात चुंबकत्व जागं करायला, बॅटरी लागते, आणि उपकेंद्रातल्या लेड-ॲसिड बॅटऱ्या वीस वर्षं बिनचार्जच्या टिकत नाहीत. त्यांना दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर पाजत आम्ही त्या जेमतेम पंधरा वर्षं ओढायचो. ट्रान्सफॉर्मरच्या सिलिका जेलचा (हवेतला ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) निळा रंग केव्हाच गुलाबी झालेला असणार, तेलात पाणी शिरलेलं असणार. पण माणूस खटपट्या असतो. जी माणसं वीस वर्षं व्हायोलिनच्या तारा जुळवत हिंडली, त्यांना तांब्याच्या तारा जुळवणारं कोणी भेटलंच नसेल?

जॉर्ज आर. स्टुअर्टच्या ‘अर्थ अबाइड्स’मध्ये, १९४९ साली, हेच सगळं आहे. गंमत म्हणजे स्टुअर्ट बर्कलीला इंग्रजीचा प्राध्यापक होता, इंजिनिअर नव्हे. तिथंही साथीनं माणसं जातात, पण जलविद्युत केंद्रं आपोआप चालत राहतात, आणि नायक रिकाम्या शहरातले दिवे हळूहळू मंद होताना बघतो. नळाचं पाणीही कितीतरी वर्षं येत राहतं, आणि लोक फुकटच्या पाण्यावर आळशी होतात. भाषा मँडेलबाईंच्या जवळपासही जात नाही. पण त्याच्या जगाला प्रश्न विचारताना मी थकलो, ते जग उत्तर देताना थकलं नाही.

आता शेवट. सेव्हर्न सिटी नावाच्या काल्पनिक विमानतळावर, जिथं त्या पहिल्या दिवसांत वळवलेली विमानं उतरली आणि प्रवासी तिथंच राहून गेले, क्लार्कनं एक संग्रहालय मांडलंय: बंद पडलेले फोन, क्रेडिट कार्डं, पासपोर्ट, उंच टाचांचे बूट. धावपट्टीवर लांब एक विमान उभं आहे, ज्याची दारं कधीच उघडली गेली नाहीत. त्यावर लेखिका फार बोलत नाही आणि वाचकाला वेगळं काही सांगावं लागत नाही. अखेरीस क्लार्क कर्स्टनला नियंत्रण मनोऱ्यावर नेतो आणि दुर्बिणीतून दक्षिणेकडं बघायला सांगतो. तिथं एक गाव आहे आणि त्याच्या रस्त्यांवर दिवे लागलेत. एखाददुसरा नव्हे, ओळीनं, रस्त्यारस्त्यांची चौकट दिसेल असे.

मी ते पान परत परत वाचलं, आणि प्रत्येक वेळी दोन विरुद्ध गोष्टी वाटल्या. पहिली, की हे लिहायला फार मोठा लेखक लागतो. सहाव्या प्रकरणातल्या यादीतला पहिला शब्द इथं खोडला जातो, आणि लेखिका ते सांगत नाही, नुसतं दाखवते. दुसरी, की रस्त्यांवर चौकटीत दिवे लागलेत म्हणजे तिथं काय काय असलं पाहिजे! स्थिर वीजनिर्मिती. खांब, तारा, इन्सुलेटर. रात्री किती वाजता चालू करायचं ते ठरवणारा माणूस. पाऊस आल्यावर शटडाउन घेऊन (वीज बंद करवून), लाइन अर्थ करून (जमिनीला जोडून), खांबावर चढणारा माणूस, आणि त्याला चढण्याआधी परमिट, म्हणजे लेखी परवानगी, देणारा. दिवे घरांत न लावता रस्त्यांवर लावायचे, हा निर्णय घेणारी कसली तरी नगरपालिका. मग दिवाबत्ती कर. मग तो बुडवणारे लोक. म्हणजे सगळं परत आलंय! आणि नेमकं इथं पुस्तक संपतं. मुरलेल्या विज्ञानकथालेखकानं या पानावर कादंबरी सुरू केली असती.

हा दोष की गुण, यावर बाई आणि मी अजून भांडतो. त्यांच्या मते ते गाव दूरच राहायला हवं, जवळ गेलं की फक्त मीटर आणि थकबाकी दिसेल. मला थकबाकी बघायची होती.

बाकी कादंबरी म्हणून? प्रॉफेट नावाचा धर्मवेडा पुढारी आणि त्याचा पाठलाग हा भाग मला बेतीव वाटला. अशा प्रत्येक पुस्तकात एक असतोच, हा त्यांतलाच, फक्त त्याचं पूर्वायुष्य जास्त नीट बांधलंय. त्याउलट मिरांडा. ती जहाज कंपनीत काम करते, आणि शेवटी मलेशियाच्या किनाऱ्यावरून मंदीमुळं रिकामी नांगरून ठेवलेली मालवाहू जहाजं तिला दिसतात. तिथंच ती फ्लूनं मरते. २००८ च्या मंदीनंतर त्या समुद्रात अशी जहाजं खरोखरच उभी होती, त्यामुळं तो देखावा बनावट वाटत नाही. काचेच्या गोळ्यातल्या खोट्या बर्फाचा एक परिच्छेदही आहे: तो कोणी कल्पिला, कारखान्यात कोणाच्या हातांनी जुळवला, कोणत्या जहाजातून आला. एका फालतू शोभेच्या वस्तूमागं किती माणसं उभी असतात, हे एवढ्या थोड्या ओळींत. साखळीत काम केलेल्या कुणालाही, मग तो लाइनमन असो की गोदीतला हमाल, हा परिच्छेद आपला वाटेल. जीवन चौधरीकडून माझी अपेक्षा जास्त होती, आडनावामुळंही असेल, पण लेखिका त्याला लवकर बाजूला ठेवते. शेवटी तो एका गावाचा डॉक्टर झालेला दिसतो, तेवढंच.

२०२१ च्या डिसेंबरात हिच्यावर दहा भागांची मालिका आली. त्यात सुरुवात टोरंटोऐवजी शिकागोत होते आणि जीवन त्या छोट्या कर्स्टनला सोबत घेऊन जातो. त्यामुळं त्याला हवी ती जागा मिळते. हिमेश पटेलनं ते काम फार चांगलं केलंय. पण ते सहावं प्रकरण कॅमेऱ्यात येत नाही, येणारही नाही. नसलेल्या वस्तू कशा दाखवणार?

इंग्रजी अवघड नाही, वाक्यं छोटी आहेत, पण काळ सारखा पुढंमागं होतो, तेव्हा पहिली पन्नास पानं सलग वाचावीत, नाहीतर आर्थरच्या बायकांचा गोंधळ होतो. माझ्या प्रतीतली अक्षरं बारीक आहेत. चाळिशी लागलेल्यांनी किंडलवर घेतलेली बरी. नारळीकर वाचून “आता मोठ्यांसाठी काय?” असं विचारणाऱ्यांना मी हे देतो. फ्लू कसा पसरतो, लस कशी बनते ते शिकायचं असेल तर इथं काही मिळणार नाही. उपकेंद्रात रात्रपाळी करणाऱ्या आमच्या पोरांनाही देतो, पण त्यांना सांगतो, आधी सहावं प्रकरण वाचा, मग पहिल्या पानावर या. प्रॉफेटची प्रकरणं नुसती चाळली तरी चालतील.